'एमआरआय नॉर्मल, म्हणजे टेन्शन'? तसं नाही, भाऊ

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "मोठ्या माणसाला पहिल्यांदा फिट आली आणि एमआरआय नॉर्मल निघाला, तर ते टेन्शन. अँटीबॉडीची टेस्ट म्हणजे लॅबवाल्यांची कमाई. करू नका."

एमआरआयचं आधी. कधी कधी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते (ऑटोइम्यून एन्सेफलायटिस), त्यातूनही फिट येते; मेंदूवर हल्ला करणारे तिचे घटक म्हणजे अँटीबॉडी, आणि टेस्ट त्यांचीच. पण ती उलटली तरी फोटोत सूज दिसेलच असं नाही. २००७ साली ओळखल्या गेलेल्या एनएमडीए रिसेप्टरच्या (मेंदूच्या पेशींवरच्या एका प्रथिनाच्या) अशाच आजारात निम्म्याहून जास्त रुग्णांचा एमआरआय साफ असतो. पेशंट बहुधा तरुण मुलगी. झोप उडते, असंबद्ध बोलते, मग फिट येते. तोवर घरच्यांनी भगताकडे दोन चकरा मारलेल्या असतात. काहींच्या अंडाशयात गाठ सापडते, म्हणून पोटाची सोनोग्राफीही लागते.

आता 'टेन्शन'. केळीच्या बागेतून आलेले साठीपुढचे बाबा. उजवा हात आणि त्याच बाजूचा गाल क्षणभर आखडतो, कपातला चहा धोतरावर. दोन-तीन सेकंदांत सगळं शांत. दिवसातून पन्नास वेळा. घरचे म्हणतात, "बाबांचं ध्यानच नाही." रक्तात सोडियम कमी. मे महिन्यात आपल्याकडे कमी सोडियम म्हणजे ऊन लागलं, लावा सलाईन! (मीही आधी तेच म्हणालो असतो.) पण हे झटके आणि कमी सोडियम एकत्र दिसले की एलजीआय-१ या मेंदूतल्या दुसऱ्या प्रथिनावर उलटलेल्या अँटीबॉडीची शंका घ्यायलाच हवी. यात फिटच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, स्टेरॉइडचा होतो. उशीर झाला की विसराळूपणा मागे राहतो. झटक्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

कमाईचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. सरसकट सगळ्यांची टेस्ट करणं चूकच. आपल्याकडे आधी फितकृमीच्या अळीची गाठ, टीबीची गाठ, साखर, लकवा, अचानक सोडलेली दारू हे बघायचं. काही आठवड्यांत बदललेला स्वभाव, गेलेली स्मरणशक्ती, गोळ्यांना न जुमानणाऱ्या फिट असं काही असेल तरच अँटीबॉडी. तेव्हाही रक्तासोबत पाठीतलं पाणी तपासावं, कारण एनएमडीएच्या बाबतीत नुसतं रक्त फसवू शकतं. रिपोर्टला दिवस लागतात. शंका दाट असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर न्यूरोलॉजिस्ट त्याआधीच स्टेरॉइड सुरू करतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून ते लगेच बंदही करत नाहीत.