शुद्ध इंग्रजी उच्चारासाठी काही ग्रामोपयोगी सूचना

गावचा रस्ता खडबडीत असला तर एक वेळ चालेल, परंतु गावकऱ्याचा इंग्रजी उच्चार खडबडीत असता कामा नये, याविषयी आता कोणाचेच दुमत राहिलेले नाही. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे ‘आम्हाला कोणी शिकवलेच नाही’ ही सबबही तरुणांना उरलेली नाही. तेव्हा दारव्हा-दिग्रसकडच्या आणि कारंजा-मानोऱ्याकडच्या समस्त होतकरू मंडळींनी पुढील मार्गाने सराव करावा.

सर्वप्रथम, लिहिले आहे तसे वाचण्याची सवय सोडावी. देवनागरीने आपल्याला या बाबतीत फार लाडावून ठेवले आहे. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘बी’ आहे, पण त्याचा उच्चार करायचा नाही. फ्रेंचमधून हा शब्द आला तेव्हा तो बिनबीचाच होता. पुढे विद्वानांना त्याच्या लॅटिन मुळाची आठवण झाली आणि त्यांनी ‘बी’ कागदावर बसवला, इंग्रजांच्या जिभेवर मात्र तो कधीच बसला नाही. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजातून घुसला आहे. ‘नाइफ’मधला ‘के’ एके काळी इंग्रज स्वतः उच्चारत असत. पुढे त्यांनी तो सोडून दिला, पण तोवर छापखान्यांनी स्पेलिंग पक्के करून टाकले होते. या साऱ्याला भाषेचा इतिहास म्हणतात. तुम्ही तोच ‘बी’ मोठ्याने उच्चारलात तर त्याला खेडवळपणा म्हणतात, आणि हा फरक ज्याला कळला त्याचा निम्मा अभ्यास झाला असे समजावे.

यानंतर ‘व’कडे वळावे. आपले आजवर एका ‘व’वर भागले, पण इंग्रजीला दोन लागतात: एक खालचा ओठ वरच्या दातांना लावून आणि दुसरा ओठांचा चंबू करून. ‘व्हेरी वेल’ म्हणताना हे दोन्ही लागोपाठ साधायचे असल्याने सुरुवातीला आरसा समोर धरावा. ‘थँक यू’साठी जिभेचे टोक दातांमध्ये आणून हवा सोडावी लागते. हा सराव पानठेल्यावर, तोंडात खर्रा असताना करू नये. समोरच्याच्या पांढऱ्या सदऱ्याचे नुकसान होते आणि तो ‘काऊन गा, डोक्शावर पडला काय?’ असे विचारतो, ज्यातला एकही उच्चार आपल्या अभ्यासक्रमात बसत नाही.

आपल्या भागातले काही लोक या संदर्भात कृषी केंद्राचा दाखला देतात, तो ग्राह्य धरू नये. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे दिसताच सातवी नापास माणूसही ‘इमिडाक्लोप्रिड’, ‘थायामेथोक्झाम’, ‘प्रोफेनोफॉस’ ही कीटकनाशकांची नावे न अडखळता घेतो, हे खरे आहे. तालुक्याच्या कॉन्व्हेंटमधील बाईंनाही ती पहिल्या खेपेला जमणार नाहीत. पण ज्या शब्दाने मुलाखतीत छाप पडत नाही किंवा सोयरीक जुळत नाही, तो कितीही कठीण असला तरी सरावाच्या यादीत घेण्यासारखा नसतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हाही कोणाचा उच्चार चुकल्याची तक्रार नव्हती. डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल रंग काय सांगतो, किंवा माहितीपत्रकातील बारीक टायपातल्या सूचना फवारणाऱ्याला कोणी वाचून दाखवल्या, हे प्रश्न उच्चारशास्त्रात येत नाहीत, म्हणून ते येथे सोडून देऊ.

राहता राहिला ‘शेड्यूल’ की ‘स्केज्युल’ हा वाद. पहिला उच्चार इंग्रजांचा आणि दुसरा अमेरिकनांचा मानला जातो. शेतीपंपाची वीज मात्र दोहोंना सारखीच दाद देत नाही आणि रात्रीची पाळी असली की ओलिताला रात्रीच जावे लागते. मोटर सुरू होण्याची वाट पाहण्याचा हा काळ सरावास अत्यंत अनुकूल असतो, कारण विहिरीपाशी त्या वेळी हसायला कोणी नसते. बॅटरीच्या उजेडात दोन्ही उच्चार आलटून पालटून घोटावेत. रानडुकरे तुरीत शिरल्याची चाहूल लागली, तर मात्र सराव थांबवून वऱ्हाडीतच ओरडावे. ती शुद्ध उच्चारांना अजून सरावलेली नाहीत.