गड्ड्याची उलाढाल आणि नंदीध्वजाचा मान

संस्कृतीवर होणारा खर्च म्हणजे हौस, रस्ते आणि पाणी यांतून काही उरलेच तर करावा, असे मत सोलापुरात वारंवार ऐकू येते. आपल्याकडची पाण्याची ओढाताण पाहता त्यामागची कळकळ मला समजते. पण या शहराची कमाई कशाच्या आधारावर उभी आहे, याचा विचार त्या मतात झालेला नसतो.

संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो, तेव्हा पाळणेवाले, खेळणी विकणारे, फुलवाले, रिक्षावाले, बाराबंदी शिवणारे शिंपी अशा कितीतरी जणांच्या हाती पैसा येतो. मात्र ज्या गोष्टींमुळे ही गर्दी जमते, त्या विकत मिळत नाहीत. मिरवणुकीत उभे पेलले जाणारे सात काठ्यांचे नंदीध्वज, त्यांचे वेगवेगळ्या समाजांकडे परंपरेने चालत आलेले मान, ती उंच काठी पेलण्यासाठी तरुणांनी आधीपासून केलेला सराव, ६८ लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा, हे सारे श्रद्धेने चालते. घरात कन्नड, तेलुगू किंवा मराठी बोलणारी माणसे ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ या एकाच गजरात सामील होतात, आणि अशा सहवासातून वाढणारा विश्वास उधारीवर चालणाऱ्या आपल्या बाजारपेठेलाही लागतोच.

चादरीचेही तसेच आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी विणकामाचे ज्ञान पिढ्यानपिढ्या जपले, म्हणून सोलापुरी चादरीला नाव मिळाले आणि पुढे भौगोलिक मानांकनही. नक्कल करणाऱ्याला सूत आणि यंत्रमाग कुठेही मिळतात. त्याला हवे असते ते आपले नाव, कारण गिऱ्हाईक त्या नावाचे पैसे मोजते. (शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकून घर चालवणाऱ्या महिलांनाही याच नावाचा आधार आहे.) मानांकनामुळे नावाला कायद्याचे संरक्षण मिळते, परंतु जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी, नक्षी कागदावर उतरवणारा जाणकार काम सोडून गेला, तर त्याचे ज्ञान कोणताही कायदा परत आणू शकणार नाही. मला सर्वांत जास्त चिंता त्याचीच वाटते.

म्हणून माझा आग्रह आहे, की आपल्या विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गड्ड्याची उलाढाल दरवर्षी पद्धतशीरपणे मोजावी, आणि जुन्या नक्षीकारांना मानधन देऊन त्यांच्याकडून तरुणांना शिकवण्याची सोय शहराच्या अंदाजपत्रकातच केली जावी.