हजार लिटरला चार ग्रॅम

फुकटच्या चहासाठी सभेला जाऊ नये, असे आमचे वडील सांगत असत. परंतु निवृत्त माणसाला संध्याकाळी पाच ते सात या वेळेत करण्यासारखे दुसरे काही नसते, म्हणून मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या मंडळाच्या सभेला गेलो आणि परतलो तेव्हा माझ्या काखेत शंभर पावत्यांचे पुस्तक होते. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे रानात असलेल्या एका सरकारी मराठी शाळेतील मुलांना पिण्याचे स्वच्छ पाणी मिळावे, यासाठी वर्गणी गोळा करायचे ठरले होते. बँकेत 31 वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्याला ते मागताही येत असतील, असा सभेने समज करून घेतला होता.

वास्तविक त्या मुलखाला पाण्याचा दुष्काळी म्हणण्याची सोय नाही. मलप्रभा तिथल्याच कणकुंबीला उगम पावते आणि जुलैत असा पाऊस कोसळतो की शाळेला सुट्टी द्यावी लागते. मात्र ते सगळे पाणी जे निघते, ते कृष्णेच्या ओढीने निघते. वाटेत शाळेपाशी घटकाभर थांबावे, असे त्याला वाटत नाही. एप्रिलमध्ये शाळेच्या विहिरीत डोकावले, तर तळाशी आपलाच चेहरा दिसतो, तोही गढूळ.

गणपत गल्लीतल्या पहिल्याच दुकानात पुस्तक पाहून, "काय ओ, यंदा गणपती एप्रिलातच बसवलासा काय?" असा प्रश्न आला. बेळगावात पावतीपुस्तक म्हणजे गणपती, नाही तर शिवजयंतीचा चित्ररथ. तिसरे कारण लोकांना पटत नाही. मी विहिरीचे सगळे पुराण सांगितले. ते शांतपणे ऐकून गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पुण्याचं काम आहे, खरं मालक जेवायला गेल्यात." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. परगावच्या माणसाला हे ठाऊक नसते, त्यामुळे तो वाक्याच्या शेवटपर्यंत आशेवर राहतो.) पुढच्या दुकानात मालक हजर होते, परंतु त्यांनी ऐंशी-जीची चौकशी केली. प्राप्तिकराची ती सवलत मिळायला संस्थेची नोंदणी लागते, शिवाय 2000 रुपयांच्या वरची रोख देणगी तीत धरत नाहीत, हे त्यांनी मला सविस्तर समजावले, आमची तशी नोंदणी नसल्याची कबुली माझ्याकडून घेतली आणि 51 रुपये दिले. 2000 ची मर्यादा ओलांडण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता, हे मला रस्त्यावर आल्यावर कळले. त्या दिवशी पाण्यासाठी फिरणाऱ्या मला 11 दुकानांत चहा पाजण्यात आला. पाणी हवे का, असे एकानेही विचारले नाही.

अशातच मंडळातील एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी आधी पाणी तपासा, असा आग्रह धरला. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची एक छोटी बाटली मिळते. तीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी 24 ते 48 तास ठेवायची आणि पाणी काळे पडले, तर त्यात मैल्याबरोबर येणारे जंतू असावेत, असे समजायचे. आमच्या घरातील सर्वांत उबदार जागा फ्रिजच्या डोक्यावर असल्यामुळे मी ती तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी ती उजेडात धरून हलवली आणि म्हणाल्या, "अहो, हा तुमचा काढा पार काळा झालाय. किती दिवस साठवणार? घेऊन टाका म्हणतो मी!" तो काढा कशाचा आहे, हे सांगितल्यावर त्यांनी फ्रिज, ओटा आणि शेवटी माझे हात, या क्रमाने सगळे काही घासून काढले. त्या रात्रीचे जेवण बाहेरून आणावे लागले.

सरांचा निकाल मात्र स्पष्ट होता. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायच्या मीटरवर 84 हा आकडा आला होता आणि 500 पर्यंत तर मानकच चालवून घेते. तेव्हा खोट क्षारांची नव्हती, जंतूंची होती. आरओचे यंत्र बसवले, तर ते जितके पाणी गाळून देईल त्याहून अधिक बाहेर सोडून देईल, आणि उन्हाळ्यात एवढे पाणी विहिरीत असतेच कुठे? टाकी झाकणाची हवी, नळ धड हवेत आणि हजार लिटरला चार ग्रॅम ब्लीचिंग पावडर, जुनी असेल तर पाच, घालून अर्धा तास थांबले की झाले.

मी हे प्रामाणिकपणे देणगीदारांना सांगितले आणि वर्गणी जागच्या जागी आटली. आईच्या स्मरणार्थ यंत्र देऊ केलेले एक गृहस्थ तर कळवळून म्हणाले, "सगळं कबूल, खरं चार ग्रॅमवर आईचं नाव घालू कुठं ओ?" या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. शेवटी टाकीवर भरपूर जागा असते, असे सुचवल्यावर त्यांनी हजार लिटरची टाकी दिली. तिच्यावरच नावे येणार म्हटल्यावर झाकणाला दोघे आणि चार नळांना सातजण मिळाले. पावडरीला कोणीच मिळाले नाही.

ती मी स्वतः नेली. शाळेत चार ग्रॅम मोजायला काही नसल्यामुळे मुख्याध्यापकांनी पोह्यांच्या चमच्याने अंदाज घेतला आणि पाण्याला दवाखान्याचा वास येतो म्हणून तिसरीच्या वर्गाने दिवसभर पाण्याला तोंड लावले नाही. ही कथा मी शहापुरातील एका सराफांना सांगितली. काही न बोलता ते आत गेले आणि आपला जुना तोलकाटा वजनांच्या डबीसह घेऊन आले. "पावती फाडा, खरं नाव घालू नका," ते म्हणाले. "आमचा काटा शाळेत गेला म्हटल्यावर तो दुकानात चुकत होता, असं लोक धरतील की!" म्हणून नावाच्या जागी मी 'एक काटा' एवढेच लिहिले.

टाकीवर नावे कोणत्या लिपीत घालावीत, यावर सभेत पाऊण तास गेला. दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवे, असा 2024 चा कायदा आहे. टाकी हे दुकान नव्हे हे सर्वांना मान्य होते, तरी गोल टाकीचे 60 टक्के कुठून कुठपर्यंत मोजायचे, यावर एका सभासदाने कागदावर आकृती काढली. अखेर पेंटरनेच एका अंगाला कन्नड आणि दुसऱ्या अंगाला मराठी लिहिले. दोन्ही भाषा तो सारख्याच अशुद्ध लिहीत असल्यामुळे कोणावरही अन्याय झाला नाही.

नावांची यादी सचिवांनी माझ्या स्थळप्रतींवरून उतरवून दिली होती. आज ती टाकी शाळेच्या पडवीशेजारी उभी आहे आणि तिच्यावर, आईच्या नावाच्या अगदी खाली, दोन्ही लिपींत, पिवळ्या रंगाने ठळक लिहिले आहे : श्री. ए. के. काटा, शहापूर.