पंट मारा, खुर्ची राखा

अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न, म्हणजे चार डाऊन, मिळतात; चौथाही फसला तर चेंडू तिथेच समोरच्यांचा. तर, चौथा डाऊन आहे, दोन यार्ड कमी पडतायत. घड्याळात दहा मिनिटं, तुम्ही चार गुणांनी मागे आणि चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपासून ४० यार्डांवर. प्रशिक्षकमहाराज, अशा वेळी डोकं चालवू नका, पंट मारा, म्हणजे लाथ मारून चेंडू लांब समोरच्यांकडे धाडा! १० जानेवारी २०२१ ला टेनेसी टायटन्सच्या माइक व्रेबलनी बाल्टिमोरविरुद्ध हेच केलं. १३-१७ असे मागे होते, १३-२० असे रीतसर हरले. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं यावर लोक बसले वाद घालत.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिकनी मात्र पंट न मारण्याचा शहाणपणा केला. नोव्हेंबर २००९, इंडियानापोलिस. पेट्रियट्स ३४-२८ असे पुढे, दोनेक मिनिटं बाकी, स्वतःच्या २८ यार्डांवर चौथा डाऊन, दोन यार्ड कमी. समोर पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) असल्यामुळे चेंडू त्याच्या हाती द्यायचाच नाही, असा हिशेब. पास पेट्रियट्सच्या केविन फॉककडे गेला, हातात जरासा हेलकावला आणि पंचांनी खूण केली ती यार्डभर अलीकडे, म्हणजे चेंडू गेला. दाद मागायला हाती टाइमआउट (खेळ थांबवायची मुभा) लागतो, तर ते संपलेले. १३ सेकंद उरले असताना मॅनिंगच्या पासवर चेंडू गोलरेषेपार गेला, टचडाऊन, ३५-३४. पंट मारून हरले असते तर बचावफळीचं नाक कापलं गेलं असतं. इथे गेलं ते थेट बेलिचिकचं, तेही तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेल्या माणसाचं.

डेव्हिड रोमर नावाच्या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये आकडेमोड करून दाखवलं, की चौथ्या डाऊनला प्रशिक्षक फारच बिचकतात. त्यांचं काय जातंय? सामना हरला म्हणून प्राध्यापकाला कुणी घरी बसवत नाही.

पंट फारच उघडउघड वाटत असेल तर फील्ड गोल मारा, म्हणजे खांबांमधून चेंडू लाथाडून टचडाऊनऐवजी तीनच गुण घ्या. व्रेबलच्या पंटच्याच महिन्यात, जानेवारी २०२१ मध्ये, ग्रीन बेचे प्रशिक्षक मॅट लाफ्लूर आठ गुणांनी मागे होते. चौथा डाऊन, दोन मिनिटं उरलेली, गोलरेषा आठ यार्डांवर. त्यांनी तीन गुण पदरात पाडून घेतले आणि पाच गुणांनी मागे राहून चेंडू समोरच्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या स्वाधीन केला. त्यांचा स्वतःचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स कडेला उभा राहिला, तो राहिलाच.

आता कुणीतरी फिलाडेल्फिया ईगल्सच्या डग पीडरसनचं नाव काढेल. २०१८ च्या सुपर बोलमध्ये एका गुणाने मागे असताना स्वतःच्या ४५ यार्डांवर ते चौथ्या डाऊनला पंट न मारता भिडले, ४१-३३ जिंकले, फिलाडेल्फियात पुतळाही बसला. बरोबर. त्यांनाही ईगल्सनी नारळ दिलाच, ११ जानेवारी २०२१ ला. व्रेबलच्या पंटला तेव्हा एकच दिवस झाला होता आणि त्यांची खुर्ची जागच्या जागी होती.