मी हात केला, ती निघाली

गेल्या डिसेंबरात आमच्या सोलापुरात विजापूर रोडला एका मुलीचा हात मोडला. धडक दुसऱ्याच्या बाईकची, पण तिला पुढं बोलावलं होतं मी. हे बायको सोडून आजवर कुणाला बोललो नव्हतो, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

संध्याकाळचे साडेसहा-पावणेसात. मी सैफुलकडं निघालेला, दुभाजकाला लागून असलेल्या लेनमध्ये. (लेन म्हणायचं आपलं. आपल्याकडं जिथं हँडल शिरतं ती लेन.) पुढं गाड्या तुंबलेल्या, मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. दुभाजकाच्या कटमध्ये एक मुलगी स्कुटीवर कधीची उभी. तिला माझ्या पुढून रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत शिरायचं होतं. कुणी थांबेना. मी थांबलो आणि काचेआडून हात हलवला, ‘जा, जा’. तिनं मान डोलावली, हसलीसुद्धा, आणि निघाली. माझ्या बॉनेटपुढून ती बाहेर पडायला आणि डाव्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यातून एक पोरगा बाईकवर यायला एकच गाठ पडली.

माझी गाडी उंच. तिला तो दिसला नाही, त्याला ती दिसली नाही. मला डावीकडच्या आरशात दिसला असता. मी आरशात बघितलं नव्हतं. तिचा जेवणाचा डबा उघडून रस्त्यावर पडला होता आणि त्यातला चमचा डांबरावर बराच वेळ गरगर फिरत राहिला, एवढं मात्र लख्ख आठवतंय.

माणसं जमली. बाईकवाल्याला दोघांनी कॉलरला धरलं, ‘डोळे फुटले काय बे तुझे?’ मग एक आजोबा त्या मुलीवरच उखडले, ‘बघून नको का निघायला?’ आणि पानटपरीवरचा एकजण माझ्याकडं बोट करून म्हणाला, ‘या साहेबांनी गाडी थांबिवली म्हणून वाचली पोरगी!’ मी काही बोललो नाही. तिला गाडीत घेतलं, दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. पोराचा गुडघा सोलला होता. प्रकरण आपसात मिटलं.

आता मूळ मुद्दा. त्या रस्त्यावर कोण चुकलं?

आमचा मावसभाऊ वकील आहे, मोटार अपघाताच्या क्लेमच्या केसेस चालवतो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं मला इंग्लंडमधला एक जुना निकाल सांगितला, १९६६ सालचा. तिथं गाड्यांची रांग थांबलेली, बाजूच्या रस्त्यावरून एक कार बाहेर यायला बघतेय. रांगेतल्या दुधाच्या टँकरच्या ड्रायव्हरनं ‘या’ म्हणून खुणावलं. कार पुढं आली आणि रांगेला ओलांडून येणारा मोटरसायकलवाला तिच्यावर आदळला. विजापूर रोडच की हो! कोर्टानं मोटरसायकलवाल्याला ८० टक्के जबाबदार धरलं, कारवाल्याला २० टक्के. मी विचारलं, आणि टँकरवाला? तो म्हणाला, ‘८० आणि २० किती होतात?’

म्हणजे हात करणारा हिशेबातच नाही. ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला त्याचा रागच आला.

आपल्याकडं रस्त्यावर जेवढी वाहतूक कायद्यानं चालते तेवढीच खुणांनी चालते, आणि या खुणांचा शब्दकोश कुणी छापलेला नाही. बार्शी रोडला वैरागच्या अलीकडं ट्रकच्या मागं अडकलाय, पुढचं काही दिसत नाही, आणि ट्रकवाल्यानं उजवं इंडिकेटर दिलं. अर्थ काय? एक ड्रायव्हर म्हणतो ‘जावा, मोकळं आहे’. दुसऱ्याच्या लेखी ‘येऊ नको, समोरून गाडी आहे’. तिसरा खरोखरच उजवीकडं शेतात वळणार असतो. एकच दिवा, तीन अर्थ, त्यातले दोन घात करणारे. चौकात चारी इंडिकेटर लावून ‘मी सरळ चाललोय’ असं सांगणारे वेगळेच. बाजूच्या रस्त्यावरून बघणाऱ्याला त्यातलं एकच इंडिकेटर दिसत असेल तर त्यानं काय समजायचं?

डिपरची तऱ्हा तीच. आपल्याकडं समोरच्यानं डिपर मारला की ‘मी येतोय, तू थांब’. पुतण्या चार वर्षं लीड्सला राहून आला, तिकडं सर्रास उलटं, ‘तुम्ही या’. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात आसरा चौकात एका टेम्पोनं डिपर मारला आणि हा आभार मानत पुढं निघाला. टेम्पोवाल्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गंमत म्हणजे ब्रिटनच्या हायवे कोडमध्येसुद्धा तसं लिहिलेलं नाही. नियम ११० सांगतो, दिवे फक्त ‘मी इथं आहे’ हे कळवायला लावा. नियम १११ सांगतो, कुणी दिवे मारले म्हणजे निघायची परवानगी मिळाली असं कधीच धरून चालू नका.

मग आपल्या नियमात काय आहे? भावाकडं १९८९ चे रस्त्याचे विनियम आहेत (२०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे आले). ओव्हरटेक कधी करू नये, याची त्यात यादी आहे. शेवटचं कलम असं, की पुढच्या ड्रायव्हरनं इशारा दिला नसेल तर ओव्हरटेक करायचं नाही. म्हणजे पुढच्याची खूण ही काही नुसती ट्रकवाल्यांची रीत नव्हती, कायद्यानंच ती मागितली होती! खूण कशी करायची तेही लिहिलंय. उजवा हात बाहेर आडवा काढून अर्धगोलात पुढं-मागं हलवायचा. उजव्या इंडिकेटरचा त्यात संबंधच नाही. पण त्याच यादीचं पहिलं कलम म्हणतं, ओव्हरटेकनं इतर कुणाला धोका होणार असेल तर करायचं नाही. पुढच्यानं दहा वेळा हात हलवला तरी हे पहिलं कलम माफ होत नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. पुणे रस्ता चौपदरी होण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. मोहोळ ते टेंभुर्णी ट्रकच्या मागं ट्रक, आणि मी केबिनजवळच्या सीटवर बसून बघायचो. पुढच्या ट्रकचा क्लीनर हात काढून ‘या’ म्हणायचा. वडील लगेच कधी निघायचे नाहीत. आधी गाडीचं नाक हातभर उजवीकडं काढायचे, स्वतः बघायचे, परत आत घ्यायचे, मगच गिअर टाकायचे. मला वाटायचं, इतका शहाणा क्लीनर सांगतोय तर एवढं काय? एकदा विचारलं. म्हणाले, ‘त्यानं त्याच्या गाडीपुरतं बघितलंय. आपल्या गाडीची लांबी त्याला काय माहीत?’ ‘हॉर्न ओके प्लीज’मधल्या ओकेपाशी पूर्वी एक दिवा असायचा आणि मागच्याला वाट द्यायची असली की ड्रायव्हर तो पेटवायचा, असं जुने लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं ती अक्षरंच गाड्यांवरून काढायला लावली, कारण लोक ती वाचून हॉर्न बडवत होते.

तेव्हा निघणाऱ्यानं स्वतः बघायलाच पाहिजे, यात मला शंका नाही. स्टिअरिंग त्याच्या हातात, ब्रेक त्याच्या पायाखाली. ‘त्यानं हात केला म्हणून मी गेलो’ हे कारण म्हणून ठीक, बचाव म्हणून नाही. आणि डावीकडून सुसाट येणाऱ्या त्या पोराची बाजू घ्यायला तर मी मुळीच बसलेलो नाही. एक पूर्ण लेन कुणासाठी तरी थांबलीय म्हटल्यावर शेजारून जाताना वेग कमी करायला हवा, एवढी अक्कल लायसन्ससोबत मिळायला पाहिजे.

पण माझ्या हाताचं काय?

मी थांबलो, इथपर्यंत बरोबर होतं. थांबणं माझ्या ताब्यातलं होतं. ‘मी थांबलोय’ एवढं सांगायचा मला हक्क होता, आणि ते तर गाडी थांबल्यावर तिला दिसतच होतं. मी सांगितलं ‘जा’. जा म्हणजे पूर्ण रस्ता मोकळा आहे, मी बघितलंय. माझ्या लेनपुढच्या लेनचा मी कोण मालक? पण तिनं पोरवयात मोठ्या माणसाचा हात बघितला, पांढरे केस बघितले, विश्वास ठेवला. आपल्याकडं मोठ्यांनी ‘जा’ म्हटल्यावर ‘आधी बघते’ म्हणायची पद्धत आहे का?

भाऊ म्हणतो, कोर्टात नुसत्या हातावर केस उभी करणं अवघड. ती स्वतः निघाली म्हणजे तिची चूक थोडी, बाईकवाल्याची जास्त, तिच्या भरपाईतून तिचा वाटा वजा. तिच्या मागं मैत्रीण बसलेली असती तर तिला मात्र कुणा एकाकडून पूर्ण भरपाई मागता आली असती, सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल आहे. चर्चा इथवर आली आणि मी त्याला थांबवलं. मला टक्के नको होते. तिघांत ज्यानं सर्वांत कमी बघितलं आणि सर्वांत जास्त आत्मविश्वासानं सांगितलं, तो मी होतो. आणि मी एकटाच तिथून शाबासकी घेऊन गेलो.

काहीजण म्हणतील, मग कुणाला वाटच द्यायची नाही का? द्या की. थांबा, पण हात स्टिअरिंगवर ठेवा. फार तर डावीकडं बोट दाखवा, ‘तिकडं बघा’ म्हणून. मी जानेवारीपासून तसंच करतोय. मागचे हॉर्न वाजवतात. गड्ड्याच्या (म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या) दिवसांत त्या गर्दीत एक लुनावाले काका मिनिटभर माझ्या हाताची वाट बघत राहिले, शेवटी वैतागून स्वतःच वाकून डावीकडं बघितलं आणि गेले. जाता जाता माझ्याकडं असं बघितलं, की किती माजोरडा माणूस आहे.

प्लास्टर काढायच्या आधी मी तिला बघायला गेलो होतो. पेरू आणि बिस्किटं घेऊन. आई आत भाकरी थापत होती. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. ‘तुम्ही होता म्हणून वेळेवर दवाखाना झाला,’ म्हणाले. मी तिच्याकडं बघितलं. ती मोबाईलमध्ये बघत होती. तेव्हा कळलं, की हाताचं तिनं घरी सांगितलेलंच नाही. मी पायात चपला घालत होतो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, ‘काका, तुम्ही हात केला ना, म्हणून मी तिकडं बघितलंच नाही.’ तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, नुसतं सांगितल्यासारखं.

आत तिच्या वडिलांनी चहा पाजला होता, मी दुसऱ्यांदा गप्प बसून तो पिऊन आलो होतो. हे वाचायला ते फेसबुकवर आहेत का ठाऊक नाही. नसतील तर येत्या रविवारी परत जायचंय, या वेळी पेरू न घेता.