हरायचं वर्ष

शिकागोची बेसबॉल टीम व्हाइट सॉक्स, ते 2024 मध्ये 162 पैकी 121 सामने हरले. तेव्हापासून आमच्या रविवारच्या क्रिकेट ग्रुपवर कुणी ना कुणी लिहितंच, "ॲस्ट्रोज पण असेच हरले होते, मग कप आणला." ॲस्ट्रोज म्हणजे ह्यूस्टनची टीम, आणि कप म्हणजे 2017 ची वर्ल्ड सिरीज, तिथल्या बेसबॉलची फायनल. मी ह्यूस्टनला राहतो. ते हरणं मी तिकीट काढून पाहिलंय. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

2011 ला 106 पराभव, 2012 ला 107, 2013 ला 111. त्यातले शेवटचे 15 तर सलग. त्या 2013 च्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून आले होते. स्टेडियमला छप्पर, एसी आणि वरची तिकिटं स्वस्त, म्हणून त्यांना घेऊन जायचो. तिथे डाव्या भिंतीवर एक जुन्या वळणाची आगगाडी आहे, आपल्या टीमने होमरन (म्हणजे बेसबॉलचा षटकार) मारला की धावते. एकदा तीन तास बसलो, गाडी जागची हलली नाही. कुणीतरी साधा थ्रो पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून फेकला तेव्हा बाबांनी नाचोजचा डबा खाली ठेवला. "यांना निवड समिती नाही का रे?"

होती ना! तिनेच हे ठरवून केलं होतं. नावाजलेले खेळाडू देऊन टाकायचे, पगारावर लीगमध्ये सगळ्यात कमी खर्च करायचा आणि तळ गाठायचा. तेव्हा तळाच्या टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षी नवी पोरं निवडताना, पहिला नंबर मिळायचा. तो सलग तीन वर्षं मिळाला. 2012 चा कोरेया म्हणजे सोनंच. 2013 चा मार्क अपेल ॲस्ट्रोजच्या मुख्य टीमकडून एकदाही खेळला नाही. 2014 च्या पोराशी करारच फिसकटला. भरपाई म्हणून पुढच्या वर्षी दुसरा नंबर मिळाला आणि त्यावर ब्रेगमन आला. याला योजना म्हणा, मी नशीब म्हणतो.

आणि कप आणणारे बाकीचे? होझे आल्टुवे, उंची साडेपाच फूट, या योजनेच्या आधीपासून टीममध्ये होता. डॅलस कायकल ड्राफ्टच्या सातव्या फेरीत उचललेला पिचर, म्हणजे बॉलर. पहिली दोन वर्षं नुसता मार खाल्ला त्याने, तरी बॉल त्याच्याच हातात देत राहिले. 2015 ला तो साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, घेऊन बसला. हरायच्या वर्षाचा खरा फायदा मला इथे दिसतो: चुकणाऱ्याला खेळवत ठेवता येतं. तिथेही धीर सुटलाच. जे. डी. मार्टिनेझला 2014 च्या मार्चमध्ये सोडून दिलं आणि त्याच वर्षी त्याने डेट्रॉइटकडून 23 होमरन ठोकले.

त्यामुळे व्हाइट सॉक्सवाल्यांनो, नुसतं हरून काही हाती लागत नाही. आता ड्राफ्टचे पहिले नंबर लॉटरीने ठरतात. नव्या नियमांमुळे 121 पराभवांनंतर तुम्हाला 2025 ला 10 वा नंबर मिळाला.

2017 च्या कपाबद्दल कुणी कॉमेंटमध्ये कचऱ्याचा डबा वाजवायच्या आत मीच सांगतो. समोरच्या टीमच्या खुणा कॅमेऱ्यातून चोरल्या, कुठला बॉल येतोय ते डबा वाजवून आपल्या बॅटरला कळवलं, शिक्षा झाली, मलाही लाज वाटली. मी ते झाकत नाही.

पण कप जिंकला त्या रात्री, फायनलच्या सातव्या आणि शेवटच्या सामन्याला, बाबा फोनवर होते. साताऱ्यात सकाळ, माझ्याकडे झोपायची वेळ टळून गेलेली. "तो बुटका आहे का अजून?" आहे म्हटलं. शेवटचा बॉल जमिनीवरून सरपटत त्याच्याकडेच गेला. उचलला, फेकला, आउट.

"हां," बाबा म्हणाले, "या वेळी नीट फेकला."