पोर्शे ९११ : फॉरवर्डमधले दावे आणि एक घातक सल्ला

आमच्या दाजींनी काल पाठवलेला मेसेज आतापर्यंत निम्म्या महाराष्ट्राने वाचला असावा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार म्हणजे ताणलेली बीटल (फोक्सवागनची ती जुनी गोलमटोल गाडी), साठ वर्षांत तिच्यात काही बदललं नाही, इंजिन मागे टाकणं ही मूळचीच घोडचूक, वळणात गाडीचा मागचा भाग सुटला तर ताबडतोब ब्रेक मारावा, आणि आता ती बॅटरीवर जाऊन संपणार. दाजी अजून नॅनो चालवतात. तिचंही इंजिन मागेच, त्यामुळे ते घाबरलेत.

आधी तो ब्रेकचा सल्ला, कारण बाकीचं हसून सोडता येईल, हे नाही. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात आणि त्यांची पकड जाते. ब्रेक दाबला तर आणखीच. ९११चं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असतं. ते एकदा बाहेर फेकलं जाऊ लागलं की आवरणं कठीण. म्हणजे हा मेसेज अपघाताची कृतीच उपाय म्हणून सांगतोय! वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि आत शिरल्यावर पाय झटकन उचलायचा नाही, हे जुनी ९११ चालवणारा कुणीही सांगेल. (नॅनोत तेवढा जोर नाही, दाजी. पण सवय तीच ठेवा.)

आता 'घोडचूक'. सुरुवातीच्या गाड्या चालकाला दगा द्यायच्या, हे मान्य करावंच लागेल. कंपनीने पुढच्या बंपरमागे चक्क लोखंडी वजनं बसवली होती. मग १९६९च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, १९९३मध्ये ९९३ ही ९११ची नवी पिढी आली तेव्हा मागचं सस्पेन्शनच नवं दिलं. पण इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यावरच त्याचा भार असला की निसरड्यावर पकड मिळते, हे त्याच नाण्याचं दुसरं अंग. मोंटे कार्लो रॅली म्हणजे आल्प्समधला बर्फ आणि घाट. तिथे १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं ९११ जिंकली. घोडचूक म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

बीटलचं नातं अर्धं खरं आहे. पोर्शेच्या आधीच्या गाडीत, ३५६मध्ये, फोक्सवागनचे भाग होते. १९६३ला फ्रँकफर्टमध्ये दाखवलेल्या ९११मध्ये मात्र नवं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, आणि आकार फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शेचा. बीटलकर्त्याचा नातू तो, एवढंच.

'काही बदललं नाही'? १९९७मध्ये हवेने थंड होणारं इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारं आलं, तेव्हा जुन्या भक्तांनी केवढा आकांत केला होता!

राहिली बॅटरी. ९११ संपणार ही हाकाटीही जुनीच. पोर्शेचीच १९७७ची ९२८ तिची जागा घेणार होती. ती १९९५ला बंद झाली, ९११ चालूच आहे. २०२४च्या जीटीएस या ९११च्या प्रकारात हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड) यंत्रणा आली, खरं आहे. तिची बॅटरी १.९ किलोवॅट-तासांची, पोर्शेच्याच पूर्ण विजेवरच्या टायकनची सर्वांत मोठी त्याच्या पन्नासपटीहून जास्त. ही हायब्रिड नुसत्या विजेवर चालत नाही, आणि तिला चार्जिंगचं सॉकेटही नाही.